मिनूच्या नावातली जागा

काळी लिपी संपूर्ण मोठ्या अक्षरांत लिहू नये, हे गुणवंतरावांचे तत्त्व होते आणि त्या तत्त्वापायी चंद्रपुरातल्या बहुतेक सगळ्या छापखान्यांशी त्यांचे एकदा तरी भांडण झाले होते. रोमन अक्षरांची ती जुनी, जाड, काटेरी धाटणी. छापखान्यांत तिला ओल्ड इंग्लिश म्हणतात. दंडावर नाव गोंदवून घेणारी पोरे गॉथिक म्हणतात. गुणवंतराव तिला काळी लिपी म्हणत, कारण तिच्यात कागदापेक्षा शाई अधिक दिसते. भद्रावतीच्या कारखान्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही एकच विद्या जवळ ठेवली होती. महाविद्यालयांची प्रशस्तिपत्रे, एका साप्ताहिकाचे शीर्ष, बल्लारपूरच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नपत्रिका आणि कधीमधी एखाद्या थडग्यावरचे नाव, एवढाच तिचा वापर उरला होता. संगणकावर ही अक्षरे फुकट मिळतात असे कुणी म्हटले, की ते शांतपणे विचारीत, "आणि मधली पांढरी जागा? तीही फुकट मिळते काय?"

कारण त्यांच्या मते ह्या लिपीत काळे लिहायचे नसतेच. पांढरे राखायचे असते. सगळ्या उभ्या रेघा एका उंचीच्या, एका जाडीच्या, आणि दोन रेघांमधली मोकळी जागा नेमकी रेघेएवढीच. रुंद, सपाट टाक एका तिरपेपणात धरला, की प्रत्येक रेघेचे डोके आणि पाय शंकरपाळ्यासारखे कापले जातात. लिहिणारा पक्का असेल, तर शब्द सागवानाच्या लावलेल्या बनासारखा दिसतो: खोडामागे खोड, आणि मधून मोजून सोडलेला उजेड. एक जागा जरी कमीअधिक झाली, तरी नजर तिथे ठेचकाळते. ती ठेच गुणवंतरावांना कधी सहन झाली नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचा, दिव्यानीचा, फोन आला. तिचा नवरा प्रणित एटापल्लीकडच्या रस्त्याच्या कामावर होता आणि त्या रस्त्यालगतच, कोठारटोल्याजवळ, दोघांनी उतरणाऱ्या इंजिनिअर लोकांसाठी चार खोल्यांचे अतिथिगृह बांधले होते. त्याला पाच वर्षांच्या लेकीचे नाव द्यायचे ठरले होते: मिनू.

"बाबा, मले जुन्या डाकबंगल्यावर असते तसा बोर्ड पायजे. तुमच्या त्या काट्याकुट्याच्या अक्षरात."

"ती लिपी पाटीसाठी नाही. ती शपथेसाठी, सनदेसाठी, समाधीसाठी आहे. वाचणाऱ्याने तिच्यापाशी थांबावे, अशी ती घडवलेली आहे."

"मंग बरोबरच हाय ना. लोकं थांबाले पायजेतच. लॉज हाय माझा."

गुणवंतरावांनी टाक आणि कुंचले पिशवीत घातले आणि ते बसने निघाले.

अतिथिगृह रस्त्यापासून थोडे आत होते. घराच्या कोपऱ्यापासून निघालेली पांढरी भिंत सरळ शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, जात होती आणि त्या भिंतीवर, फाटकाशेजारी, पाटी बसायची होती. धानाची कापणी चालू होती. हवेत ओल्या पेंढ्याचा वास होता, आणि शेतामागे सागाचे रान. साग पाने गाळीत होता; एकेक पान सुपाएवढे, खाली पडले की कुणी पाऊल टाकल्यासारखा आवाज होई.

मिनूच्या नावाची चारही रोमन अक्षरे, एम, आय, एन, यू, त्यांनी लहान घेतली, कॅपिटल नव्हे. पहिले अक्षर मोठे घेतले, तर त्याच्या नक्षीने सगळी वीण विस्कटते, असे त्यांनी जेवताना सांगितले.

"नावाचं पहिलं अक्षर लहान?" दिव्यानी म्हणाली. "आमच्या बाईंनी कानफटात दिली असती."

"तुमच्या बाईंना अक्षर म्हणजे काय, ते ठाऊक नव्हते."

"आई खरं म्हणे. तुमच्यासंगं बोलाले बसलं का वरण थंडं होते."

लहान अक्षरांत ते नाव म्हणजे आठ उभ्या रेघांची एक रांग होती: तीन, मग एकटी एक, मग दोन, आणि पुन्हा दोन. त्या एकट्या रेघेवर केसासारखी बारीक, तिरपी रेघ द्यायची, म्हणजे ते अक्षर ओळखू येते. प्रश्न फक्त मापाचा होता. आणि ते माप गुणवंतरावांना दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा पेला हातात असताना, समोरच दिसले.

धुऱ्यावर दगड उभे होते. अनघड, कमरेएवढे, चपटे. कुणी टाकी लावलेली नाही, तरी एका उंचीचे. दोन दगडांमध्ये दगडाएवढेच अंतर. आयुष्यभर कागदावर जे साधण्यासाठी ते धडपडले, ते इथे कुणीतरी सहज मातीत रोवून ठेवले होते. त्यांनी कागदाची पट्टी आणली, हात लांब करून डोळ्यांसमोर धरली आणि एकेका दगडाची खूण पेन्सिलीने करू लागले. चौथ्या ठिकाणी नजर ठेचकाळली. तिथे दगड नव्हता. दगडाची जागा तेवढी होती. त्यांनी पट्टीवर त्या जागी रेघ ओढली आणि आठ खुणा पुऱ्या होईपर्यंत पुढे गेले.

"काऊन मोजून राह्यले, भाऊ?"

शेताचा मालक सोमाजी विळा घेऊन मागे उभा होता.

"मोजत नाही. अंतर घेतो आहे."

"तेच तं मोजनं होय."

"तुमचा एक दगड पडलेला दिसतो. घराकडून चौथा."

"पडला नाई. उभाच नाई केला." सोमाजीने विळ्याचे टोक जमिनीला टेकवले. "आमच्या गावात मानूस गेला, का त्याच्यासाठी धुऱ्यावर दगड उभा करतेत. पन देह घरी आला तवा. जो रानात गेला अन् आलाच नाई, त्याले मेला कसं म्हनावं? त्याची जागा ठेवतेत."

"ही कुणाची?"

"नाव नाई घेत आमी." त्याने पट्टीकडे पाहिले. "तुमी तं तिथी रेघ मारली."

"हे अक्षर आहे, सोमाजीभाऊ. दगड नव्हे."

"उभंच हाय ना, पन."

गुणवंतरावांनी त्याला अक्षर आणि दगड ह्यांतील भेद समजावून सांगितला. मधेच जागा सोडली, तर शब्दाला खिंडार पडते, हेही सांगितले. सोमाजी ऐकत राहिला, आणि मग ओंब्यांकडे वळला. वाद आपण जिंकला, असे गुणवंतरावांना वाटले.

सागवानी फळीवर पांढऱ्या रंगाचा हात देऊन त्यांनी काळी अक्षरे काढली. पट्टीवरच्या खुणा फळीवर तंतोतंत उतरल्या. रंग वाळला, पाटी भिंतीवर चढली. नावाचा आरंभ घराकडे, शेवट धुऱ्याकडे. मिनू उड्या मारीत आली. तिच्या डोक्यावर, भोवऱ्यापाशी, केसांची एक बट कितीही तेल लावले तरी ताठ उभी राही. तिने त्या एकट्या रेघेवर, वरच्या केसावर, बोट ठेवले.

"आबा, ही मी!"

"हे सगळेच तुझे नाव आहे."

"नाई, हीच मी. हिचा बी केस उभा हाय."

मग ते बोट नावाच्या शेवटाकडे गेले. शेवटच्या रेघेच्याही पलीकडे.

"अन् हा कोन?"

तिथे काही नव्हते. म्हणजे, गुणवंतरावांनी काही काढलेले नव्हते. पण चष्मा लावून जवळ गेल्यावर दिसले, की धुऱ्याकडच्या कडेला एक काळी रेघ आहे. कुंचल्याच्या एका केसाएवढी. ओघळ असेल, ते स्वतःशी म्हणाले. आणि लगेच, सवयीने, स्वतःशीच वाद घातला. ओघळ वरून खाली येतो. ही रेघ खालून वर चढत होती. आणि तिचा पाय शंकरपाळ्यासारखा, टाकाच्या नेमक्या तिरपेपणात कापलेला होता. डोके अजून नव्हते.

त्यांनी पाते घेऊन ती खरवडली, वर पांढरा हात दिला आणि कुणाला काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कडेला नव्हती. गुणवंतरावांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि मग पुन्हा पाहिले. शेवटच्या दोन अक्षरांमध्ये उजेड कमी होता. आदल्या दिवशी जिथे मोकळे पांढरे होते, तिथे आता एक रेघ उभी होती, बोटाच्या अर्ध्या जाडीची. रानात झाडांकडे पाहत असावे, आणि त्यांतले एक खोड खोड नाही असे एकाएकी उमगावे, तसे त्यांना झाले. अनोळखी माणसाला ती कधीच दिसली नसती. ह्या लिपीत सगळ्या रेघा एकसारख्या. त्यांच्यात एकजण सहज उभा राहू शकतो.

ह्या वेळी पाते खोल चालवले. भुसा निघत गेला, तोही काळा. रंग फळीवर नव्हता, फळीच्या आत होता.

दिव्यानी चहा घेऊन आली. "बाबा, नवा बोर्ड काऊन खरवडून राह्यले?"

"अंतर चुकले आहे."

"तुमचं? अंतर?" ती हसली, पण त्यांचा चेहरा पाहून थांबली. "बरं नाई वाटत का?"

त्यांनी पाटी भिंतीवरून उतरवली, तोंड भिंतीकडे करून कोठीच्या खोलीत ठेवली आणि बाहेरून कडी घातली. दुपारभर ते ओसरीवर बसून होते. वारा नव्हता. रानात सागाचे एक पान पडे. मग बऱ्याच वेळाने दुसरे, थोडे अलीकडे.

उन्हे कलताना मिनू अंगणात दिसली. हात अंगाला चिकटवून, पाय जुळवून, ताठ उभी. बराच वेळ हलली नाही.

"मिनू, काय करते आहेस?"

"उभी हाय."

"कशासाठी?"

"तो बी उभाच हाय ना. त्याले जागा नाई सापडून राह्यली."

"कोण तो?"

मिनूने मान वळवली नाही. फक्त डोळे कोठीच्या दाराकडे गेले.

गुणवंतरावांनी दार उघडले. पाटी होती तशीच, पाठ करून होती. त्यांनी ती फिरवली. रेघ आणखी एक अक्षर ओलांडून आली होती. आता ती इतर रेघांएवढी जाड होती, पाय होता, डोके होते, आणि ती उभी होती मिनूच्या त्या एकट्या रेघेला लागून. मध्ये पांढरे नव्हतेच म्हणावे इतके कमी होते.

ते शेताकडे जवळजवळ धावले. सोमाजी पेंढ्या बांधत होता. गुणवंतरावांना जे सांगायचे होते, त्याचे एकही वाक्य नीट बांधले जाईना. सोमाजीने सगळे ऐकून घेतले. त्याला नवल वाटल्याचे दिसले नाही, आणि ह्याचीच गुणवंतरावांना सर्वांत जास्त भीती वाटली.

"तुमी त्याची जागा भरली, भाऊ," तो म्हणाला. "आता तो कुठी उभा राहीन?"

"मी ती रेघ काढून टाकली तर? जागा मोकळी करून दिली तर?"

सोमाजीने लांब भिंतीकडे पाहिले. "कोनाचं नाव हाय ते?"

"माझ्या नातीचे."

सोमाजीच्या हातातली पेंढी खाली राहिली.  विळा कमरेला खोचून, अर्धे काम तसेच टाकून, तो गावाच्या वाटेला लागला, आणि एकदाही धुऱ्याकडे पाहिले नाही.

"उद्या सकाळच्या गाडीने मिनूला घेऊन चंद्रपूरला चल," घरी येताच गुणवंतरावांनी दिव्यानीला सांगितले.

"अन् इथी कोन राहीन? परवा पाहुणे येऊन राह्यले. झालं काय, ते तं सांगा."

"ते सांगता येत नाही."

आयुष्यात प्रथमच त्यांनी कारण न देता हट्ट धरला; आणि त्यामुळेच की काय, दिव्यानी मुकाट्याने पिशवी भरायला लागली.

पाटी चुलीत घालावी, हे त्यांच्या मनात आले नाही असे नाही. त्यांनी ती चुलीपर्यंत नेलीही. पण तिच्यावर मिनूचे नाव होते. पोरीचे नाव जाळायला हात धजेना.

पहाट फुटली तेव्हा सगळीकडे धुके होते. दहिवर इतके पडले होते, की भिंत ओली लागत होती. दिव्यानी आत मिनूची वेणी घालीत होती. तिची कुरकुर ऐकू येत होती. गुणवंतरावांनी पाटी भिंतीला टेकवली, कागदाची पट्टी तिच्यावर धरली आणि खुणा पाहिल्या. त्यांनी भरलेली जागा चौथी होती. चौथी रेघ मिनूने बोट ठेवलेली, एकटी, डोक्यावर केस असलेली.

दुसरी कोणतीही असती, तर बरे झाले असते.

पण माप मापच होते. जिथे चूक केली, तिथेच ती सुधारायची, एवढेच त्यांना येत होते.

त्यांनी पाते टेकवले.

ह्या वेळी भुसा काळा निघाला नाही. रंग सालीसारखा अलगद सुटला आणि खाली स्वच्छ, कोरे लाकूड दिसले. गुणवंतरावांनी डोळे मिटले, उघडले. शेजारची ती आगंतुक रेघ तिथे नव्हती. खरवडली नव्हती, तरी नव्हती. तिच्या जागी ओरखडासुद्धा नव्हता.

त्यांनी धुऱ्याकडे पाहिले.

धुके विरळ होत होते. दगड एकेक करून बाहेर आले. पहिला, दुसरा, तिसरा.

चौथाही.

तो आज उभा केलेला नव्हता. त्याच्या अंगावर शेवाळ वाळून पांढरे झाले होते, पायाशी वाळवीची माती चढली होती, आणि मागच्या वर्षीचे गवत त्याच्या बुडाभोवती वाढून सुकले होते. रांग पूर्ण होती. अंतर सगळीकडे सारखे होते. इतकी निर्दोष रांग त्यांनी कधी पाहिली नव्हती.

ते खाली बसले. संपले, ते म्हणाले. मग त्यांची नजर पाटीवर गेली.

तीन रेघा होत्या. मग जागा. मग चार रेघा. त्या जागेच्या वर, कुणाच्याच डोक्यावर नसलेला, तो एक बारीक, तिरपा केस तसाच होता. तो खरवडायचा राहिला होता.

खिंडार कोरे दिसत होते. कोरे, आणि राखून ठेवलेले.

त्याची जागा ठेवतेत.

गुणवंतरावांनी काळ्या रंगाचा डबा उघडला. रेघ सरळ आली. काळी, ओली, डोक्यापासून पायापर्यंत. त्यांच्या डोळ्यांदेखत ती लाकडात मुरली. वाळूत पाणी मुरावे तशी. कोरे लाकूड पुन्हा वर आले.

त्यांनी पुन्हा रेघ ओढली.

ती मुरली.

डबा कलंडेपर्यंत ते रंग देत होते. बोटांनी देत होते. बाजूच्या सातही रेघा ओल्या काळ्या झाल्या. मधली जागा कोरडी होती.

आतला आवाज थांबल्याचे त्यांच्या उशिरा लक्षात आले. कुरकुर थांबली होती. दिव्यानी मागच्या खोलीतून हाका मारत होती, "मिनू? अगं, रिबन राह्यली!"

मिनू अंगणाच्या कडेला होती, जिथे भिंत संपते आणि धुरा सुरू होतो. अर्धी वेणी सुटलेली, भोवऱ्यावरची बट ताठ. हात अंगाला चिकटवलेले, पाय जुळवलेले.

"मी कुठी उभी राहू?" तिने विचारले.

गुणवंतरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. मग त्यांना दिसले, की तिची पाठ त्यांच्याकडे आहे, तोंड धुऱ्याकडे. आणि मिनू, कुणीतरी जागा दाखवीत असावे तशी, होकारार्थी मान हलवीत होती.